वाघुळराजाचं वाक्य

इलोइलो
२० मे १९८७

मानांग फेली,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. मालकिणीच्या काचेच्या वस्तू हातात असतील तर आधी खाली ठेव, कारण तू हसणार आहेस आणि त्या फुटणार आहेत.

सुट्टी लागली म्हणून मी मेदीच्या गावी गेलो होतो, पुंता दुयोंगला. मेदी म्हणजे माझ्या वर्गात होती ती. गेल्या वर्षी तिची आई वारली, तेव्हा वडिलांना सोबत म्हणून ती घरी परतली. वडील होड्या बांधतात. पंधरा तारखेला तिथे सान इसिद्रोचा उत्सव असतो, आणि या खेपेला उत्सव मंडळानं मनिलाहून सिनेमा मागवला. गावात थिएटर कुठलं? मग लावला कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यात. वर पत्रा, भोवती गोणपाटं बांधून भरदुपारी केलेला अंधार, आणि रिंगणाच्या मधोमध चादरीला चादर शिवून केलेला पडदा. बाकडी गोल, त्यामुळे अर्धं गाव पडद्यासमोर आणि अर्धं पडद्यामागे. मागच्यांना सगळं उलटं दिसणार. पण मागे तिकीट नव्हतं, म्हणून तक्रारही नव्हती.

आता सिनेमा ऐक. एक कपडे धुणारी मुलगी असते. नदीवर तिच्या टोपलीत आकाशातून खेकडा पडतो. खेकडा बोलतो. त्याच्या डोक्यावर मुकुट, आणि खाली त्याला हलवणाऱ्या माणसाचं मनगट, त्यावर घड्याळ. खेकडा तिच्या अंगठ्याला चावतो आणि तिच्या हातांच्या जागी दोन नांग्या येतात. नांग्या पत्र्याच्या, तांबड्या रंगवलेल्या. एकीवर रंगाखालून तेलाच्या डब्यावरची अक्षरं वाचता येतात. मग ही खेकडाकन्या पोहायचा तांबडा पोशाख घालून दुष्टांच्या पाठी लागते, पण आडवी चालत. बुडणाऱ्या माणसाला वाचवायला निघते तर तो उजवीकडे आणि ही डावीकडे. स्वर्ग दाखवलाय तो मासे धरायच्या जाळ्यात कापूस अडकवून. राक्षसांची फौज म्हणजे तीन माणसं. कॅमेऱ्यापुढून जातात, मागून धावत येतात आणि पुन्हा पुढून जातात. तिसऱ्या फेरीला एकाला धाप लागलेली दिसते. आणि एक कोंबडी आहे. ती राजवाड्यात आहे, समुद्राच्या तळाशी आहे, स्वर्गातही आहे.

खलनायक म्हणजे वाघुळराजा. मोडक्या छत्र्यांच्या कापडाचे पंख, डोळ्यांत विजेरीचे दिवे, त्यातला एक गेलेला. उडतो तेव्हा दोर दिसतो. अर्ध्या सिनेमापर्यंत नीट चालतो आणि मग एकदम लंगडायला लागतो. का, ते कुणी सांगत नाही.

ऐन वेळी मशीनचा आवाज बिघडला. शिवाय सिनेमा टागालोगमधला, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना टागालोग अर्धंमुर्धं कळतं. मंडळवाल्यांनी माझ्या हातात माइक दिला. म्हणाले, तू शिकलेला आहेस, आपल्या बोलीत सांग समजावून. मग काय विचारतेस. खेकड्याला मी पाद्रीबाबांचा आवाज दिला, कोंबडीलासुद्धा बोलायला लावलं. लोक बाकांवरून घसरत होते. शेवटपर्यंत हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी इकडे परत आलो. कॉलेज ठीक.

तुझा
सांतो

---

हाँगकाँग
रविवार, ३१ मे

सांतो,

तुझं पत्र मी आज चौकात वाचलं. रविवारी आम्ही सगळ्या तिथेच पुठ्ठे अंथरून बसतो, तुला माहीत आहे. चौदा बायका होत्या. मी कोंबडीपर्यंत आले आणि मला पुढे वाचता येईना, तेव्हा दुसरीनं वाचलं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. माझा भाऊ म्हणून सांगत होते.

उर्सुला हसली नाही. ती तुझ्या त्या पुंताच्या शेजारच्या गावची. तिनं विचारलं, गाव कुठलं म्हणालीस? मी सांगितलं. मग ती म्हणाली की तो सिनेमा त्याच किनाऱ्यावर काढलेला आहे, अठरा वर्षांपूर्वी. मनिलाहून माणसं आली होती. आणि तो वाघुळ झालेला माणूस अजून तिथेच राहतो, होड्या बांधतो, एका पायानं लंगडतो.

मेदीचे वडील काय करतात म्हणालास?

नंतर मी पत्र एकटीनं पुन्हा वाचलं. आता त्यात हसायला काही सापडत नाही. खेकड्याचा आवाज सांगितलास, कोंबडीचा सांगितलास. वाघुळाला कुणाचा आवाज दिलास ते लिहिलं नाहीस. ऐन सुट्टीत दुसऱ्या दिवशी परत का आलास तेही नाही. आणि मार्चमध्ये लागलेला निकाल अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही. टपाल एवढं हळू नसतं.

तू लहानपणी काही फोडलंस की आधी गोष्ट सांगायचास. चांगली सांगायचास. म्हणून मला कळायचं.

फेली

---

इलोइलो
१२ जून

मानांग,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. तीन कागद फाडले. हा चौथा.

कॉलेज मी जानेवारीतच सोडलं. आधी हे वाचून घे, मग शिव्या दे. मेदी गेल्यावर मला वर्गात बसवेना. मी तिच्या गावी गेलो आणि तिच्या वडिलांना म्हणालो, मला तुमची मुलगी द्या. त्यांना सगळे तियो तिबो म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जुन्या रीतीनं सांगितलं: वर्षभर घरी राब. पाणी भर, लाकूड फोड, होडीला हात लाव. वर्ष टिकलास तर बघू. शहरातल्या पोरांना हे ऐकून हसू येईल, पण मला वाटलं, कुणीतरी मला मोजायला तयार आहे. साडेचार महिने मी पाणी भरलं. खांद्याला घट्टे पडले. त्या घट्ट्यांवरून मेदी एकदा बोट फिरवून गेली, तेवढ्यावर मी आणखी दहा वर्षं भरलं असतं.

तियो बोलताना अडकतात. शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी उभे राहतात आणि पुढे जाता येत नाही. एकदा स्वयंपाकघरात मी मेदीला त्यांची नक्कल करून दाखवली. ती हसली आणि मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, पुन्हा नको. मी फक्त हसणं ऐकलं.

आता आखाड्याचं. मशीनचा आवाज बिघडला नव्हता. खरखर होती, पण होता. माझ्या पहिल्या दोन विनोदांना लोक हसले, तेव्हा मीच मशीनवाल्याला खूण केली की बंद कर. मधेच तो वाघुळ लंगडायला लागला आणि मला सुचलं की हा तर तियोंसारखा चालतो. देवाशपथ, मला एवढंच सुचलं. मुखवट्यामागे कोण आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी सांगत नाही. मेदी पुढच्या बाकावर होती. तिच्याकडे बघत मी वाघुळाला तियोंचा आवाज दिला. अडकत, थुंकी उडवत, एकेक अक्षर चघळत.

आधी पुढचे दोनचार जण हसले. मग कुणीच नाही. मला वाटलं, नीट ऐकू जात नसेल. मी माइक तोंडाजवळ आणला.

मेदी उठली आणि पडद्यामागे गेली. मला वाटलं, पाणी प्यायला.

तियो पडद्यामागे बसले होते. पुढे बसले असते तर लोक वळून वळून बघतील, याचा त्यांना संकोच. इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन बहिणींना पलीकडच्या बेटावरून होडीनं बोलावून घेतलं होतं. मंडळाच्या पाठी लागून रिळं मागवली होती तीही त्यांनीच.

हे सगळं मला मेदीनं बाहेर सांगितलं, गोणपाटाला पाठ लावून, एकदाही आवाज न चढवता. मनिलाची सिनेमा कंपनी आली तेव्हा तियो कंपनीचे सुतार होते. पंख त्यांनीच बांधले. दोराला लटकायला नट तयार होईना, म्हणून मुखवटा यांना घातला. दोर सुटला, पाय मोडला. पायाला बांबू बांधून त्यांनी उरलेलं काम पुरं केलं, कारण शेवटी वाघुळराजाला मरताना एक वाक्य होतं आणि ते त्यांना म्हणायचं होतं: ‘अंधारात जन्मलो हा माझा गुन्हा नाही, पण तुझा दिवा मी विझवला, तो माझाच.’ कंपनीनं ते तिथेच मशीनवर भरून घेतलं. दिग्दर्शक छान म्हणाला, पण तो सगळ्यांनाच छान म्हणायचा. सिनेमा दूर शहरात लागला, तेव्हा तियो पाय बांधून घरी पडलेले. अठरा वर्षांत त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. मेदी म्हणाली, बाबांना तेवढं एक वाक्य ऐकायचं होतं. आणि रिळं तर त्याच संध्याकाळी मनिलाला परत जायची होती.

त्या जागी मी काय म्हणालो ते तुला लिहिणार नाही.

मी घरात पाऊल न टाकता सरळ धक्क्यावर गेलो. आता एका मित्राच्या खोलीत राहतो. दिवसा बाहेर पडत नाही. तियोंना मोठं पत्र लिहायला घेतलंय, आठ पानं झाली.

सांतो

---

हाँगकाँग
रविवार, २१ जून

सांतो,

कॉलेजबद्दल मी आज काही लिहीत नाही. लिहिलं तर हा कागद पुरणार नाही, आणि तो विषय माझा आहे, त्यांचा नाही.

ती आठ पानं फाड. तू लिहिशील ते सुंदर लिहिशील, आणि वाचता वाचता त्या माणसाला तुझीच कीव येईल. म्हणजे पुन्हा खेळ तुझाच. तिथे जा. समोर उभा राहा. तोंड शक्यतो बंद ठेव. हाकललं तर पाया पडू नकोस, निघून ये. पण हाकलायची संधी त्यांना दे. पळून जाऊन तू तीही काढून घेतलीस.

उर्सुलाची मी माफी मागितली. ती म्हणाली, तू कशाला, तू तर फक्त हसलीस. ते लागलं मला.

फेली

---

पुंता दुयोंग
७ जुलै

मानांग,

गेलो. म्हणजे आलो. चार दिवस झाले.

धक्क्यावर उतरलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. मी तयार होतो, कुणी बोललं असतं तर मारामारी करून मोकळा झालो असतो. पण मासळीवाली बाई माझ्याकडे बघून नुसती टोपलीवर फडकं ओढून बसली. दगड मारला असता तर बरं.

तियो नव्या होडीच्या सांगाड्यावर वाकलेले होते. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. त्यांनी हात वर केला आणि फळीचं दुसरं टोक दाखवलं. मी फळी धरली. दुपारपर्यंत धरूनच होतो. मग त्यांनी आतून भात आणि सुका मासा आणून माझ्यापुढे ठेवला. मेदी बाहेर आली नाही.

जेवण झाल्यावर ते बोलले. तो प्रश्न विचारायला त्यांना किती वेळ लागला ते मी लिहीत नाही. ते मी एकदा करून दाखवलेलं आहे. त्यांनी विचारलं, की उत्सवाच्या सकाळी तू मशीनवाल्याबरोबर सिनेमा आधी पाहिला होतास ना? मी म्हटलं, हो. तेव्हा आवाज होता? होता.

मग म्हणाले, “ते शेवटचं वाक्य. तो आवाज माझाच होता, की मनिलात दुसऱ्याचा घातला?”

मानांग, माइक ऐन वेळी नाही, आदल्या दिवशीच माझ्याकडे ठरला होता. त्या सकाळी मी आखाड्यात बसून माझे विनोद मोठ्यानं म्हणून बघत होतो. मशीनवाला हसतो का ते बघत होतो. ते वाक्य माझ्या समोरून गेलं आणि मी ते ऐकलंच नाही. अख्ख्या गावात ते ऐकू शकणारा मी एकटा होतो.

मी म्हटलं, “तुमचाच होता, तियो. कुठेही अडला नाहीत.”

त्यांनी हातातला तासणीचा वाकस खाली ठेवला. मेदीला हाक मारली आणि मला ते पुन्हा सांगायला लावलं. मेदी दारात उभी राहून ऐकत होती. संध्याकाळी शेजारी आले, त्यांनाही मीच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मी म्हणालो की आवाज भारदस्त होता. मेदीनं मला कॉफी दिली, कप हातात दिला, खाली ठेवला नाही. माझं वर्ष पुढे चालू झालं, जानेवारीपासूनच धरून.

हे पाप आहे का गं? एक माणूस इतका सुखात आहे. त्यांना आता झोप लागते म्हणाले.

सांतो

---

हाँगकाँग
रविवार, १९ जुलै

सांतो,

आईला मी दर महिन्याला लिहिते की इथे मला स्वतःची खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. मी स्वयंपाकघरात झोपते, फ्रीज आणि भिंतीच्या मधे. तेव्हा खोटं किती ऊब देतं ते मला शिकवू नकोस.

पण माझी खोली माझी आहे. ते वाक्य त्यांचं आहे. आखाड्यात तू त्यांच्या तोंडात तुझे शब्द घातलेस, आणि आता पुन्हा घातलेस. या वेळी गोड आहेत, एवढंच.

काय करायचं ते सांगत नाही. तू आता मोठा आहेस असं तूच म्हणतोस.

फेली

---

पुंता दुयोंग
सोमवार, ३ ऑगस्ट

मानांग,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी ते खिशात घालून हिंडत राहिलो. तुझं ऐकून लगेच गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो नाही. मेदी आता माझ्याशी बोलते. विहिरीपर्यंत सोबत येते. मी म्हणत होतो, आणखी एक दिवस.

शुक्रवारी कळलं की तियोंनी पाद्रीबाबांना जाऊन सांगितलंय, या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेत बायबलमधलं पहिलं वाचन ते स्वतः करणार. जन्मात चर्चमध्ये चार लोकांपुढे उभे न राहिलेले तियो. का, तर सिनेमात आपण एकदा अडलो नव्हतो म्हणून. शनिवारी सकाळी मी लाकडं आणायला गेलो तर ते होडीमागे पुस्तक घेऊन बसले होते. पहिल्याच शब्दाला अडकत होते. पुन्हा सुरू करत होते, पुन्हा तिथेच. मी झाडामागे उभा राहून ऐकलं. उद्या त्यांचं सगळ्या गावापुढे असं होणार, आणि ते माझ्या शब्दावर होणार.

मी पुढे गेलो आणि सांगितलं. की मी खोटं बोललो. मी ते ऐकलंच नव्हतं. आवाज कुणाचा होता, अडला की नाही, मला काहीच ठाऊक नाही. कपडे वाळत घालायला मेदी बाहेर आली होती. तिनं ऐकलं. ओला कपडा तसाच हातात धरून ती आत गेली.

तियोंनी पुस्तकाच्या पानात बोट घातलं. मग म्हणाले, म्हणजे माहीत नाही.

नाही, म्हटलं.

ते म्हणाले, म्हणजे असेलही माझा.

मी म्हटलं, असेलही. आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे, मला लगेच चेव चढला. मी म्हणालो, मी आजच्या होडीनं निघतो. मनिलात जाऊन ती रिळं शोधतो, मिळेपर्यंत परत येत नाही, गुदामांची दारं फोडावी लागली तरी आणून तुम्हाला ऐकवतो. बोलताना माझे डोळे भरून आले होते आणि ते मला बरंही वाटत होतं.

तियोंनी पुस्तक मिटलं. “पाणी भर,” म्हणाले. “वर्ष आजपासून.”

जानेवारीपासूनचे सात महिने वाया गेले. मी कावड उचलली.

मला वाटलं, आता ते वाचन करायचे नाहीत. पण काल ते गेले, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. मेदी बायकांच्या बाजूला बसली होती. मी सगळ्यांत मागच्या बाकावर. तियो लंगडत वर चढले, पुस्तक उघडलं, आणि ‘तहानलेल्यांनो’ या पहिल्याच शब्दापाशी थांबले. त्यांचे ओठ हलत होते, मानेची शीर ताठली होती, आणि काही येत नव्हतं. मग एकेक करून माणसं वळली. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. पाद्रीबाबासुद्धा. मेदीसुद्धा.

शब्द मला माहीत होता, मानांग. माझ्या जिभेवर होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला मदत म्हणून काहीतरी म्हणणार होतो, आणि माझा आवाज तर तुला माहीत आहे, शेवटच्या बाकावरून वेदीपर्यंत सहज गेला असता. मी दोन्ही हातांनी बाक धरला आणि तोंड मिटून बसून राहिलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग तो शब्द त्यांनी म्हटला.

सांतो